एक्केचाळीस नंबरचा म्हसोबा

आमच्या धरणात पहिलं पाणी मी भरलं. निळ्या पोस्टर कलरनं, एका दुपारी, डबा खाऊन झाल्यावर. त्यानंतर दुसरं पाणी आजतागायत आलेलं नाही, त्यामुळे तो मान अजून माझ्याकडेच आहे. निवृत्तीच्या समारंभात हे कुणी बोललं नाही, म्हणून स्वतःच सांगते.

मी अनुरेखक होते. इंजिनिअर मंडळी नकाशे काढतात, ते गिरवून, रंगवून, स्वच्छ करून देणारी बाई. संगणक आल्यावर हे पद संपायलाच हवं होतं. पण धरणाच्या जागेवरच्या आमच्या कचेरीत वीज सासुरवाशीण माहेरी यावी तशी यायची, टेकते न टेकते तोच निघायची. त्यामुळे माझा ब्रश टिकला. रोज नाशिकहून सकाळची पहिली एस.टी., चांदवडला उतरायचं, तिथून डोंगराच्या अंगाला जाणारी जीप, आणि शेवटचा टप्पा पायी. असं मी आयुष्यातलं बरंच चालणं एका न झालेल्या धरणाकडे चालले आहे.

नकाशावर बुडीत क्षेत्र निळं करायचं असतं. रेषेच्या आत जे काही येईल, घरं, विहिरी, बांध, शाळा, त्या सगळ्यावरून निळा हात फिरतो. घरांच्या छोट्या छोट्या चौकोनांवरून ब्रश फिरवताना मला काहीही वाटलं नव्हतं, हे आधीच कबूल करते. उलट रंग कुठेही डाग न पडता एकसारखा बसला म्हणून मी खूश होते. साहेबही खूश झाले आणि त्यांनी सगळ्यांसाठी चहा मागवला.

तो चहा मावशी घेऊन आली, खालच्या गावातली, कचेरीचं चहापाणी बघणारी. तिचं घरही त्या निळ्याखाली होतं. पण ते तेव्हा तिलाही माहीत नव्हतं आणि मीही शोधलं नव्हतं.

धरण मातीचं. दोन्ही डोंगरांकडून भिंत निघाली होती आणि मधे नदीपुरती फट ठेवून थांबली होती. त्या फटीतून शेळ्या जायच्या यायच्या. भिंत अर्धी असली तरी लोखंडी दरवाजे मात्र पुरे येऊन पडले होते. कचेरीमागच्या मोकळ्या जागेत त्यांचा ढीग होता, आणि त्यांना गंज लागू नये म्हणून मारायच्या शेंदरी प्रायमरचे डबेही शेजारीच रचलेले होते. कॉलनी पूर्ण, विश्रामगृह पूर्ण, विश्रामगृहापुढची बागही पूर्ण. एक धरण तेवढं राहिलं होतं.

मग टाळेबंदी आली, गेली, आणि ती उठल्यावर कळलं की तिजोरीत खडखडाट आहे. कंत्राटदारानं एका सकाळी आपली पोकलेन मशिनं ट्रेलरवर चढवली आणि महामार्गाच्या दिशेनं धूळ उडवत निघून गेला. वरून परिपत्रक आलं. त्याचा अर्थ असा होता की आर्थिक परिस्थिती पाहता कोणताही खर्च करू नये, मात्र कामाची प्रगती कोणत्याही परिस्थितीत थांबू देऊ नये. साहेबांनी ते तीनदा वाचलं आणि चष्मा पुसला.

साहेब मनानं वाईट नव्हते. वाईट असते तर मला सोपं गेलं असतं. ते देवभोळे, वेळेवर येणारे, कुणाला एकेरी न बोलणारे गृहस्थ होते, आणि वरून आलेल्या प्रत्येक कागदाला ते उत्तर द्यायचे. दर सोमवारी मोबाईलवर आढावा बैठक असायची. रेंज मिळायची ती फक्त दरवाज्यांच्या ढिगावर चढल्यावर. त्यामुळे साहेब इस्त्रीचा शर्ट घालून त्या लोखंडावर बसायचे आणि मी खाली फाईल धरून उभी राहायची. एकदा पलीकडून मोठे साहेब म्हणाले, "मागे दरवाजे दिसतायत. बसले वाटतं?" साहेब म्हणाले, "सध्या मीच बसलोय त्यांच्यावर, सर." रेंज तिथंच गेली आणि महिन्याच्या अहवालात दरवाजे बसल्याची नोंद झाली.

बिनखर्चाची प्रगती म्हणजे काय करायचं? आम्ही झाडं मोजली. स्वच्छता पंधरवडा पाळला. भिंतीच्या मातीवर उगवलेलं गवत कापलं, आणि ते पुन्हा उगवल्यावर पुन्हा कापलं. शेवटी साहेबांना बुडीत रेषेचे दगड आठवले. पाणी कुठवर चढणार हे दाखवायला डोंगराच्या कडेनं आम्ही कमरेएवढे दगड रोवले होते, एकेका दगडावर नंबर टाकून. दगडाच्या खाली सगळं पाणी, दगडाच्या वर सगळं कोरडं. त्यांचा पांढरा रंग उडाला होता. नवा पांढरा रंग आणायला मनाई होती, पण शेंदरी प्रायमर पडूनच होता.

"तोच मारा," साहेब म्हणाले. "लांबून उठून दिसेल."

दिसला. दोन दिवसांत डोंगरभर शेंदरी दगड उभे राहिले आणि त्यांच्यावर माझ्या हातचे काळेभोर आकडे. अक्षर माझं पहिल्यापासून वळणदार.

आता मावशीचं घर सांगते. गावातले बाकी सगळे वर माळावरच्या नव्या गावठाणात गेले होते. तिथं रस्त्यांना नंबर होते, दिव्यांचे खांब होते आणि प्रत्येक दारात नळ होता. नळाला पाणी धरणातून यायचं होतं, म्हणून बाया हंडे घेऊन खाली बुडीत गावातल्या विहिरीवर यायच्या. बुडालेल्या गावात पाणी भरायला जाणारी माणसं मी तिथंच पाहिली. मावशी मात्र गेलीच नाही. एक्केचाळीस नंबरच्या दगडाखाली, पंधरा-वीस पावलांवर, तिचं दोन खणांचं कौलारू घर होतं. सरकारनं ते कागदोपत्री केव्हाच घेतलं होतं. ताबा तेवढा बाकी होता, कारण पाणीच नाही तर ताबा घेऊन करायचं काय?

मी दुपारचा डबा तिच्या चुलीपाशी बसून खायची. माझी पोळी ती बाजूला सारायची आणि तव्यावरची भाकरी माझ्या ताटात टाकायची.

"ह्या भितीतला एकेक दगड म्या नदीतून वाहिलाय बाई," ती मला म्हणाली होती. "पोटुशी व्हते तव्हा. मालक म्हणायचे बस, आणि मी म्हणायची घर झाल्याबिगर बसायची नाय." ती लेक आता मनमाडला दिलेली होती, मालक गेले होते, आणि चुलीमागची भिंत दरवर्षी मावशी स्वतः सारवत होती. तिला एवढंच हवं होतं, की मरण यावं तर ह्याच चुलीपाशी यावं. दुसरं काही तिनं सरकारकडे कधी मागितलं नाही, आणि सरकारकडे द्यायलाही तेव्हा काही नव्हतं.

दगड रंगवून चार दिवस झाले असतील. मंगळवारी सकाळी पाहते तर एक्केचाळीस नंबरपुढे नारळ फुटलेला, उदबत्ती लावलेली, आणि दगडाला चांदीचे दोन डोळे. शेंदरी दगड, तोही शेताच्या कडेला, त्याला आमच्याकडे दुसरं काय म्हणणार? पाण्याला हंडे घेऊन आलेल्या बायांनी हात जोडले. संध्याकाळपर्यंत तो म्हसोबा झाला होता.

पुढच्या महिन्यात कुणाची तरी जळालेली मोटार चालू झाली, कुणाच्या मुलीचं सायखेड्याला जमलं, आणि कांद्याला आठ दिवस बरा भाव आला. भाव नवव्या दिवशी पडला, पण त्याचा दोष कुणी म्हसोबाला दिला नाही. दगडावर माझ्या अक्षरातला आकडा होताच, त्यामुळे नवस एक्केचाळीस नारळांचा बोलायचा अशी रीत पडली. रीत किती जुनी, असं मी एका आजोबांना मुद्दाम विचारलं. ते म्हणाले, "आमच्या आज्यापासून चालत आलीय." साहेब तिथून जाताना चप्पल काढू लागले, आणि त्या महिन्याच्या अहवालात 'बुडीत रेषेच्या जतनात लक्षणीय लोकसहभाग' असा मथळा आला. वरून अभिनंदनाचं पत्रही मिळालं.

त्याच सुमारास दुसरा कागद आला. पैशाची चणचण पाहता धरणाची उंची काही मीटरनं कमी करण्यात येत आहे. मी नवी रेषा काढायला बसले आणि पेन्सिल एक्केचाळीस नंबरपाशी आली तेव्हा मी पट्टी लावून पुन्हा तपासलं. नवी रेषा मावशीच्या घराच्या खालून जात होती. मंदीनं अख्ख्या जिल्ह्याला रडवलं होतं, पण एका बाईचं घर तिनं पाण्यातून वर काढलं होतं.

मी कचेरीतून पळत गेले. खरंच पळत, ह्या वयात. मावशी भाकरी थापत होती.

"मावशी, तुमचं घर वाचलं! धरण बुटकं केलं. आता फक्त तो एक्केचाळीसचा दगड काढून तुमच्या घराच्या खाली रोवायचा, की झालं. जमीन परत तुमच्या नावावर."

तिनं परातीतून हात वर काढले आणि माझ्या तोंडाकडे पाहत राहिली. आधी हसली. मग तिच्या चेहऱ्यावरचं हसू हळूहळू गेलं.

"दगड काढायचा?" ती म्हणाली. "बाई, त्यो नाय निघायचा आता."

"का नाही?"

"म्याच बसवलाय त्याला."

मग तिनं सांगितलं. आमच्या माणसांनी शेंदरी करून ठेवलेला दगड तिनं पाहिला आणि तिच्या मनात आलं, सरकारला माणसाची भीड नाय, देवाची असंल. पाणी तेवढं वर चढायचं तर आधी देवाच्या पायाखालचं बुडेल, आणि देवाच्या दारातलं कोण बुडवील? म्हणून सोमवारी ती चांदवडच्या बाजारातून चांदीचे डोळे घेऊन आली आणि मंगळवारी झुंजूमुंजू होताना गुपचूप लावून मोकळी झाली. पाणी अडवायला तिनं देव बसवला होता. आणि आता पाणी स्वतःहून खाली उतरत होतं, तर तिचाच देव ते वर धरून बसला होता.

मला हसावं की रडावं कळेना. मी चिडले, तिच्यावर. "मला विचारायचं तरी!" असं म्हणाले. ते तिला लागलं, आणि मला आजही लागतं.

ग्रामसभा झाली. साहेबांनी हात जोडून सांगितलं की रेषा खाली आली आहे, दगड हलवायला हवेत. बाकीच्या दगडांना कुणाचीच हरकत नव्हती. एक्केचाळीसचं नाव निघताच सगळे उठून उभे राहिले. वरचा देव खाली न्यायचा? तेव्हा मावशी पुढे आली. डोक्यावरचा पदर सावरत म्हणाली, "त्यो देव नाय. सरकारी दगड हाय. डोळे म्या लावले. म्या बसवला, म्याच उठवते."

मग सगळे हसले. सरपंच अगदी प्रेमानं म्हणाले, "मावशे, तू कोण बसवणारी? त्यो त्याच्या मनानं आलाय." मागून कुणीतरी म्हणालं की देवानंच तिच्या हातून करून घेतलं, तिला काय कळतंय. एका बाईनं तर उठून तिच्या पाया पडून घेतलं. खरं बोलल्याची एवढी शिक्षा मी दुसऱ्या कुणाला झालेली पाहिली नाही.

शेवटी साहेबांनी तोडगा काढला. चाळीस आणि बेचाळीस खाली सरकवले, एक्केचाळीस जागेवर ठेवला. त्यामुळे नकाशावर माझी रेषा छान खालून यायची, मावशीच्या घरापाशी पोचताच डोंगर चढायची, म्हसोबाला नमस्कार करायची आणि पलीकडून पुन्हा उतरायची. आतलं सगळं निळं.

"साहेब, पाणी असं एका घरापुरतं डोंगर चढत नसतं," मी म्हणाले.

"बाई, पाणी आल्यावर बघू," साहेब म्हणाले.

पाणी आलं नाही. आमदार आले. आमदारांनी म्हसोबापुढे एक्केचाळीस नारळ फोडले आणि इथं सभामंडप देतो असं जाहीर केलं. धरणाला पैसे नव्हते, पण सभामंडपाचा निधी वेगळ्या खिशातला असतो. तो खिसा मंदीत फाटत नाही. प्रश्न जागेचा होता. दगडापुढे सपाट जागा एकच, मावशीच्या घराची.

बुडीत क्षेत्रात बांधकाम करता येत नाही, हा नियम मी साहेबांना दाखवला. मला वाटलं, आपण जिंकलो. साहेबांनी नियम नीट वाचला आणि म्हणाले, "नव्या उंचीप्रमाणे ती जागा कोरडी आहे."

"मग घर मावशीचं आहे."

"दगडाप्रमाणे बुडीत आहे ना. आणि बुडीत म्हणजे आपलं."

म्हणजे एकाच जागेवर मावशीसाठी पाणी होतं आणि मंडपासाठी कोरडी जमीन. दोन्ही नकाशे मीच काढले. मंडपाच्या नकाशावर घराचा चौकोन दाखवायला मी पेन उचललं, तेव्हा साहेब खांद्यामागे उभे होते. "ते नको बाई. मूळ नकाशात तिथं घर कुठंय?" मूळ नकाशा माझाच होता. तिथं घर नव्हतं. तिथं माझा डाग न पडलेला निळा रंग होता.

मी त्या जागेवर 'मोकळी जागा' असं लिहिलं, वळणदार अक्षरात. निवृत्तीला दीड वर्ष होतं आणि मला भीती वाटली. दुसरं कुठलंही कारण नव्हतं, आणि आता शोधून काही उपयोग नाही.

घर पाडायला फार वेळ लागला नाही. गावकऱ्यांनी कौलं एकेक करून उतरवली, एकही फुटू दिलं नाही, आणि नव्या गावठाणातल्या तिच्या जागेवर नीट रचून दिली. फार अगत्यानं सगळं झालं. मावशी रडली नाही. ती चुलीतली राख एका डब्यात भरत होती आणि मी जवळ गेले तेव्हा तिनं मान वर केली नाही.

सभामंडप तीन महिन्यांत उभा राहिला. वीज एका दिवसात आली आणि अजून गेलेली नाही. पंखे, फरशी, रंगीत काचा, आणि दर्शनी भागावर आमदारांचं नाव म्हसोबाहून मोठं. साहेबांना शाल मिळाली. भाषणात ते म्हणाले की कठीण आर्थिक काळातही प्रकल्पक्षेत्रात भरीव बांधकाम झालं याचं समाधान आहे. लोकांनी टाळ्या वाजवल्या. खोटं तर ते काहीच बोलले नव्हते.

गेल्या वर्षी मी निवृत्त झाले. शेवटच्या दिवशी समारंभ आटपल्यावर मी मंडपात गेले. दुपार होती, पंखे चालू होते आणि मावशी एकटीच बसली होती. म्हसोबाकडे तिची पाठ होती. कोपऱ्यातल्या एका खांबाजवळ, फरशीवर, तिनं मांडी घातली होती.

"हितं चूल व्हती," ती म्हणाली. इतक्या दिवसांनी ती माझ्याशी बोलली ते हे पहिलंच वाक्य.

मी शेजारी बसले. तिच्या घराची माफी कशी मागतात हे मला येत नव्हतं, म्हणून नुसतीच बसले. तिनं विचारलं, "बाई, तुमच्या कागदावर आता हितं काय हाय?"

मला खोटं बोलता आलं असतं. पण तिनं भर सभेत खरं सांगितलं होतं.

"एका कागदावर मंडप आहे," मी म्हणाले. "दुसऱ्यावर अजून पाणीच आहे."

तिनं मान हलवली. शेजारी कुणीतरी वाढवलेल्या नारळाची वाटी पडली होती, तिच्यात पाणी शिल्लक होतं. मावशीनं ती उचलली आणि चुलीच्या जागी हळूच उपडी केली.

"घ्या," ती म्हणाली. "आता तुमचा कागद खोटा नाय."

पाणी फरशीवर जरासं पसरलं आणि थांबलं. चार वाजता माझी जीप होती. ते पाणी पुरतं वाळेपर्यंत मी तिथून उठले नाही.